जँगोचं बेस टेम्प्लेट: इन्क्लूडमधला ब्लॉक बदलतच नाही

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये बेस टेम्प्लेट म्हणजे सगळ्या पानांचा सामाईक साचा बनवणं, त्यात टायटल आणि कंटेंट असे ब्लॉक, म्हणजे पानाला बदलता येणाऱ्या जागा ठेवणं, प्रत्येक पानाच्या वर एक्स्टेंड्स (हे पान त्या बेसवर उभं आहे असं सांगणारा टॅग) लिहिणं हे सगळं तासाभरात झालं. अडलं ते साइडबारपाशी, आणि त्यात दोन दिवस गेले.

बेसची फाइल लांबत चालली म्हणून साइडबार वेगळ्या फाइलमध्ये काढला आणि बेसमध्ये इन्क्लूड या, दुसरी फाइल आत आणणाऱ्या टॅगने आणला. लिंकांचा ब्लॉकही त्याच्याबरोबर त्या फाइलमध्ये गेला. मग एका पानात त्याच नावाचा ब्लॉक लिहून नव्या लिंका दिल्या, तरी दिसत होत्या जुन्याच. एरर नाही, लॉगमध्येही काही नाही. ब्राउझरची कॅशे साफ केली, सर्व्हर पुन्हा चालू केला, नावाचं स्पेलिंग दहादा पाहिलं.

इन्क्लूड म्हणजे त्या फाइलचा मजकूर तिथे चिकटवणं, हा समज चुकीचा आहे. जँगो ती फाइल स्वतंत्र रेंडर करतं, म्हणजे तिचं एचटीएमएल वेगळं बनवतं, आणि तयार एचटीएमएल तिथे ठेवतं. ब्लॉक बदलता येतात ते फक्त एक्स्टेंड्सच्या साखळीत, आणि इन्क्लूड केलेली फाइल त्या साखळीत नसते. व्हेरिएबल मात्र तिला मिळतात, तिथेच फसगत होते: युजरचं नाव बरोबर येतंय, मग ब्लॉक का नाही? त्यात भर म्हणजे, पानातला ब्लॉक बेसमध्ये सापडला नाही, तर जँगो तो गुपचूप सोडून देतं. ब्लॉकचं नाव चुकलं किंवा मजकूर ब्लॉकबाहेर राहिला, तरी तेच. इथे एका ओळीचा इशारा मिळाला असता तर दोन दिवस वाचले असते, याचा मला अजून राग आहे.

उपाय सोपा आहे. ब्लॉक बेसमध्येच ठेवायचा आणि इन्क्लूड त्या ब्लॉकच्या आत लिहायचा. जुन्या लिंका ठेवून नव्या जोडायच्या असतील तर पानातल्या ब्लॉकमध्ये आधी ब्लॉक डॉट सुपर (बेसमधल्या ब्लॉकचा मूळ मजकूर), खाली नव्या लिंका. त्यासाठी यादीचा यूएल टॅग बेसमध्ये, ब्लॉकच्या बाहेर हवा; इन्क्लूडच्या फाइलमध्ये फक्त एलआय, म्हणजे यादीतल्या एकेका नोंदीचे टॅग. नाहीतर नव्या लिंका यादी बंद झाल्यावर, तिच्या बाहेर पडतात.

एक्स्टेंड्स हा फाइलमधला पहिलाच टेम्प्लेट टॅग लागतो. लोड स्टॅटिक (सीएसएस, चित्रं अशा फाइलींचे पत्ते देणारा टॅग वापरण्यासाठीची ओळ) त्याच्या वर लिहिलं की एरर येते. आणि बेसमधलं लोड पानाला मिळत नाही, प्रत्येक पानात पुन्हा लिहावं लागतं.

टायटलचा ब्लॉक हेडमध्ये आणि एच-वनमध्ये असा दोनदा वापरता येत नाही, एका टेम्प्लेटमध्ये एक नाव एकदाच. निदान ही चूक जँगो स्पष्ट सांगतं.

दोन ॲपमध्ये बेस नावाची फाइल असली तर इन्स्टॉल्ड ॲप्स या सेटिंगमधल्या यादीत जे ॲप आधी, त्याची उचलली जाते. म्हणून ॲपच्या टेम्प्लेट्स फोल्डरच्या आत ॲपच्या नावाचा फोल्डर करावा.

पानात ब्लॉकभोवती इफ लावून तो कधी बदलायचा, कधी नाही, असं ठरवता येत नाही. तो नेहमीच बदलतो. इफ ब्लॉकच्या आत लिहा आणि एल्समध्ये ब्लॉक डॉट सुपर द्या.