मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी आईला केलेला फोन

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्या इतक्या आहेत, की कोण कुठल्या मजल्यावर कशासाठी चाललंय हे कोणालाच कळत नाही. मला तेच हवं होतं. छत्रपती चौकातून मेट्रो पकडायची, काँग्रेस नगरला उतरायचं, पुढे ऑटो. ओळखीचं कोणी भेटलंच तर गुडघा दाखवायला आलो म्हणायचं, हे ह्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

अपॉइंटमेंट मिळाली ती ऐन नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात. फोनवरच्या मुलीने सांगितलं, पहिल्या वेळी तासभर धरून चला, जुने रिपोर्ट आणा, घरचं कोणी सोबत असेल तर बरं. तारखेपर्यंतच्या रात्री कठीण होत्या. पहाटे तीनला जाग यायची आणि कूलरचा आवाज ऐकत पडून राहायचं. बहिणीने १४४१६ हा टेलिमानसचा नंबर पाठवला होता. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. एका रात्री लावला. पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकलं, आणि मरणाचे विचार येतात का हेही सरळ विचारलं. ते एकदा बोलून झाल्यामुळे डॉक्टरांसमोर दुसऱ्यांदा बोलणं तेवढं जड गेलं नाही.

तयारी म्हणून आधी वही काढली आणि मला असं का होतंय ते लिहायला बसले. सासूबाईंचं आजारपण, शिकवणीची कमी झालेली मुलं, हिंगण्याच्या कंपनीत ह्यांचं बदललेलं खातं, सगळं आलं. वाचून बहीण म्हणाली, ‘ताई, हे तर गाऱ्हाणं झालं. तुले होते काय, ते लिही ना.’ मग दुसऱ्या पानावर फक्त काय बदललं तेवढं लिहिलं. दिवाळीनंतर सुरू झालं. पहाटे जाग येते. जेवण समोर आलं की नको वाटतं, कपडे सैल झाले. गणिताच्या वह्या तपासायला घेतल्या की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. दर हिवाळ्यात सांबारवडी करायचीच, यंदा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणून फ्रिजमध्ये सडवला. डॉक्टरांनी नंतर विचारलं ते जवळपास याच क्रमाने: कधीपासून, झोप, भूक, लक्ष, कशात मन लागतं का. कारणांचं पान पर्समध्येच राहिलं.

औषधांची यादी करताना थायरॉइडची गोळी मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम यात गोंधळ झाला, म्हणून सरळ पाकिटच घेतलं. जुना टीएसएचचा रिपोर्टही फाइलमध्ये टाकला. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मंद आणि उदास होतो, त्यामुळे डॉक्टर ते आधी बघतात. वैद्यांकडचं चूर्णही यादीत लिहिलं.

घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का, हे विचारतात असं बहिणीने सांगितलं होतं. नाही म्हणून मोकळी होणार होते. तेवढ्यात धाकटा मामा आठवला. त्याच्याबद्दल घरात ‘डोक्यावर परिणाम झाला होता’ यापुढे कोणी बोललं नाही. काटोलला आईला फोन लावला.

‘आई, मामाले का झालं होतं गं?’

‘काहून विचारून राहिली?’

कारण सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग एकदम सुरू झाली. मानकापूरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याला नेलं होतं, गावात मात्र पोटाच्या ऑपरेशनला गेला म्हणून सांगितलं. त्याआधी महिनोन्‌महिने खाटेवरून उठायचा नाही. ‘पण कधी उलटंही व्हायचं. रात्रभर झोपायचा नाही आन् सकाळी टवटवीत. बोलणं थांबायचं नाही. एकदा उधारीवर दोन बैलजोड्या घेऊन आला, वावर दीड एकर!’ औषध सुरू झालं, तो परत आला आणि पुढे शेवटपर्यंत संत्र्याची बाग त्यानेच बघितली. हे सगळं मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

बैलजोड्यांचं लिहू की नको असं झालं होतं, कारण माझ्या उदास असण्याशी त्यांचा काय संबंध? तरी लिहिलं.

डॉक्टरांनी आधी एक छापील मराठी फॉर्म भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मग माझी पानं वाचता वाचता त्या मामावर थांबल्या. मला कधी कमी झोपूनही उत्साह वाटत राहिला का, उधळपट्टी, नेहमीपेक्षा जास्त बडबड, बाळंतपणानंतर काही? यावर बराच वेळ गेला. उदासी दिसायला सारखी असली, तरी आजार द्विध्रुवी, म्हणजे कधी उदासी तर कधी तेजी असा, असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस कधीकधी भलत्याच तेजीत जाऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. माझ्यात तसं काही निघालं नाही. तरी गोळी कमी मात्रेपासून सुरू केली, आणि झोप अचानक कमी होऊन उत्साह वाढला तर तारखेची वाट न बघता फोन करा, हे ह्यांना आत बोलावून बजावलं. दारू, तंबाखूचं मला विचारलं, तेव्हा शेजारी बसलेले, रोज खर्रा खाणारे हे पंख्याकडे बघत होते.

माझे प्रश्नही लिहूनच नेले होते. गुण कधी येईल? दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरकाला त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते. बरं वाटल्यावर बंद करू का? नाही, त्यानंतरही काही महिने घ्यायची, आणि सोडायची तीही विचारून, हळूहळू. सवय लागते का? झोपेच्या काही गोळ्यांची लागते, हिची तशी नाही. रक्ततपासणीत टीएसएचबरोबर बी-१२ लिहून दिलं.

उठताना त्यांनी विचारलं, मामांना कितव्या वर्षी सुरू झालं? मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर आईला परत फोन केला. ती म्हणाली, लग्नाच्या आधी, विशीत. आणि मग म्हणाली, त्याची दवाखान्याची जुनी फाइल ट्रंकेत आहे बहुतेक, दादाले काढायले सांगते.