पाकिटाची मागची बाजू

"अगं, एवढ्याशा साखरेने काय होणार आहे?" ताईने एवढेच विचारले आणि तिच्यापुरता तो विषय तिथेच संपला. माझ्यापुरता तो अजून संपलेला नाही. दुपारपासून तिचे वाक्य मनात रुतून बसले आहे. तिने ते मला दुखवायला म्हटले नव्हते. तिच्या स्वरात काळजी होती, थोडी घाईही होती, कारण तिला पुढे जायचे होते आणि मी दुकानात बेकनच्या, म्हणजे मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांच्या, कपाटासमोर एकामागून एक पाकिटे उलटून बघत उभी होते. तरीही त्या वाक्याने मला जे वाटले ते रागापेक्षा वेगळे आहे आणि ते नेमके काय आहे हे लिहिल्याशिवाय मला कळणार नाही.

हातातल्या पाकिटावर पोषणमूल्यांच्या चौकटीत साखरेसमोर शून्य ग्रॅम असे छापलेले होते. ताईने ते शून्य पाहिले होते, म्हणूनच मी पाकीट परत का ठेवते आहे हे तिला समजेना. मी तिला मागची घटकांची यादी दाखवली: डुकराचे मांस, पाणी, मीठ, साखर आणि त्यानंतर ती नेहमीची सोडियमची मंडळी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे मिठानंतर सर्वांत जास्त घातलेली वस्तू साखरच होती. मग पुढे शून्य कसे? अमेरिकी नियमांप्रमाणे एका वेळच्या वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ती शून्य म्हणून छापता येते, आणि बेकनची वाढणी म्हणजे शिजवलेल्या दोन-तीन पट्ट्या. तेव्हा ते शून्य नियमात बसते. त्यात कोणी फसवणूक केलेली नाही. पण मी 'होल३०' नावाच्या ज्या ३० दिवसांच्या आहारावर आहे त्यात ग्रॅम मोजायचे नसतात, वरून घातलेली साखर यादीत आहे की नाही एवढेच पाहायचे असते, आणि ती यादीत होती.

पुढची पाकिटे पाहत गेले तसतशी तीच साखर वेगवेगळ्या नावांनी भेटत गेली. कुठे ब्राउन शुगर, कुठे मेपल सिरप, कुठे मध. एका पाकिटावर साखर हा शब्द शोधूनही सापडला नाही, म्हणून क्षणभर आनंद झाला, पण शेवटून तिसऱ्या जागी डेक्स्ट्रोज होते, आणि डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. ज्या पाकिटांवर 'अनक्युअर्ड' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते त्यांच्याकडून मला जास्त आशा होती. पण त्या शब्दाचा साखरेशी काहीही संबंध नसतो. मांस टिकवणाऱ्या रासायनिक नायट्राइटऐवजी सेलरी या भाजीच्या पावडरीतून येणारे नायट्राइट वापरले आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि मांसावर त्याचे काम तेच असते.

तेव्हा ताईचे वाक्य. हिशेब मांडला तर ती पूर्णपणे बरोबर आहे, आणि मला वाटते बोचते ते हेच. शंभर ग्रॅम सफरचंदात साधारण १० ग्रॅम साखर असते, आणि सफरचंद मी रोज खाते, कारण फळे या आहारात चालतात. बेकनच्या त्या वाढणीतली साखर त्या सफरचंदाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. शरीराला हा फरक जाणवेल असे मी कोणालाही पटवून देऊ शकणार नाही, स्वतःलाही नाही. मग मी पाकीट परत ठेवले ते कशासाठी?

मेलिसा आणि डॅलस हार्टविग यांनी २००९ साली हा ३० दिवसांचा आहार मांडला तेव्हापासून त्याचा कडकपणा हाच त्याचा गाभा राहिला आहे. साखर नाही, मद्य नाही, धान्ये नाहीत, डाळी नाहीत, दूध-दही नाही. ३० दिवस झाल्यावर एकेक गट परत आणायचा आणि शरीर काय सांगते ते ऐकायचे. मधल्या काळात वजनकाट्यावर उभे राहायलासुद्धा मनाई असते. मला हा नियम सर्वांत अवघड जाईल असे वाटले होते, आणि प्रत्यक्षात त्यानेच मला सर्वांत जास्त मोकळे केले. चुकून काही वर्ज्य पोटात गेले तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची, असा मूळ नियम आहे. लोकांना तो क्रूर वाटतो. मला तो वाटत नाही, किंवा निदान आज सकाळपर्यंत वाटत नव्हता.

तपासणीच्या कागदांविषयी आज लिहायचे नाही. त्यांच्याविषयी कोणाशीच बोलायचे नाही असे मी ठरवले आहे आणि ते ठरवणे योग्य होते की नाही हा वेगळा प्रश्न आहे.

त्या कपाटासमोर मला खूप एकटे वाटले, हे मात्र लिहायला हवे. आजूबाजूची माणसे हात पुढे करून हवे ते पाकीट उचलत होती आणि निघून जात होती. कोणीही मागची बाजू वाचत नव्हते. मला वाटले, या सगळ्यांना एक साधा न्याहारीचा पदार्थ सहज मिळतो आणि मला त्यासाठी लेखनिकासारखे बारीक अक्षर वाचत उभे राहावे लागते. खारट, धुराच्या वासाच्या, तेलात कुरकुरणाऱ्या पदार्थात गोडाचे काय काम, असे विचारावेसे वाटले, पण विचारायचे कोणाला? त्यात ताई शेजारी घड्याळ पाहत होती. डोळ्यांत पाणी आले. ते बेकनसाठी नव्हते. पण तेव्हा ते बेकनसाठीच आहे असे दिसले असणार, आणि ताईने ते पाहिले असणार.

एवढ्याशा साखरेने काय होणार आहे. मी हे वाक्य परत परत उलटून पाहते आहे. त्यातला 'एवढ्याशा' मला मान्य आहे. मला न पटणारी गोष्ट अशी, की साखर किती आहे ते पाहून दर वेळी नव्याने निर्णय करावा असे ती गृहीत धरते. मला नेमके तेच टाळायचे आहे. कित्येक वर्षे मी प्रत्येक घासापाशी स्वतःशी वाद घातला आहे: एवढे चालेल का, आज चालेल का, उद्या कमी खाल्ले तर आज चालेल का. तो वाद मी कधी जिंकले, कधी हरले, पण थकले मात्र दर वेळी. आता यादी वाचायची आणि उत्तर हो किंवा नाही. मधे काहीच नाही. त्या अर्ध्या ग्रॅमला हो म्हणणे म्हणजे त्या जुन्या वादाला पुन्हा घरात घेणे, आणि ताईला ते दिसत नाही, कारण तिला तो वाद कधी घालावाच लागला नाही. ती एक तुकडा खाते आणि डबा बंद करते. तिचे हे मला लहानपणापासून... असो.

गोडाचे काम काय, हे मात्र घरी येऊन शांतपणे वाचले आणि मन बरेच निवळले. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचा चरबीचा आणि मांसाचा थर, मीठ आणि नायट्राइट लावून काही दिवस मुरवलेला आणि मग बहुतेक वेळा धुरी दिलेला. मीठ मांसातले पाणी ओढून घेते आणि जिवाणूंना वाढू देत नाही. नायट्राइट मांसातल्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी मिळून तो गुलाबी रंग देते, ती खास चव देते आणि बोट्युलिझम ही घातक विषबाधा करणाऱ्या जिवाणूंना रोखते. साखर यातले काहीच फारसे करत नाही. ती मिठाचा खारटपणा बोथट करते आणि तव्यावर पट्टीला लवकर तांबूस रंग आणते. म्हणजे बेकनला बेकन करणारी वस्तू साखर नव्हेच. इतके दिवस मला वाटत होते की मी बेकनची काहीतरी उणी आवृत्ती शोधते आहे. जे मी शोधत होते त्यात उणे काहीच नव्हते. हे वाचून मला इतका आनंद व्हावा याचे मलाच नवल वाटले.

आणि साखर नसलेले बेकन मिळालेही. ताई गेल्यावर मी परत कपाटापाशी गेले होते, हे तिला सांगितलेले नाही. सर्वांत खालच्या फळीवर, मागे सरकलेले एक पाकीट होते: डुकराचे मांस, पाणी, मीठ, सेलरी पावडर. एवढेच. मी ती चार नावे तीनदा वाचली.

संध्याकाळी त्यातल्या पट्ट्या थंड तव्यात मांडल्या आणि आच मंद ठेवली, कारण तवा आधीच तापलेला असेल तर चरबी वितळायच्या आत मांस आक्रसते आणि पट्टी वाकडी होते. आधी काही वेळ काहीच घडले नाही. मग पांढऱ्या चरबीच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या, तव्यात वितळलेली चरबी साचली आणि बारीक फेस येऊ लागला. साखर घातलेल्या बेकनला या टप्प्यावर काळसर ठिपके पडायला लागतात आणि ते तव्याला चिकटते, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. हे चिकटले नाही. रंग उशिरा आला आणि सगळीकडे सारखा आला. मीठ जिभेला जरा जास्त लागले, म्हणून बाजूला नुसता उकडलेला बटाटा घेतला, आणि मग ते मीठ बरोबर बसले. बटाटा चालतो. बटाट्याबद्दल मी या आहाराची कायमची ऋणी आहे.

खाताना एक गोष्ट मात्र मला स्वतःला सांगावी लागली आणि ती इथेही लिहून ठेवते. साखर नाही म्हणून बेकन निर्दोष होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत घातले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांचे अनुमान आहे. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही, हे खरे. तरीही मी दिवसभर ज्या अर्ध्या ग्रॅमसाठी जीव टाकला त्याच्या शेजारीच हा आकडा उभा आहे, आणि सेलरीतून आलेले नायट्राइट हेही नायट्राइटच आहे. या आहाराचा नियम मला यादीतली साखर ओळखायला शिकवतो. बेकन किती वेळा खावे हे त्याने ठरवून दिलेले नाही, ते मला ठरवावे लागेल. मी रविवारपुरते ठरवले. हा निर्णय करताना मात्र वाद झाला नाही, कसा कोण जाणे.

ताईचे वाक्य आता तेवढे बोचत नाही. तिला जे दिसले ते एवढेच की तिची धाकटी बहीण एका पाकिटासाठी हळवी झाली आहे, आणि तिने तिच्या रीतीने मला त्यातून बाहेर काढायचा प्रयत्न केला. माझ्या नियमाचे कारण तिला कळावे, ही अपेक्षा मी तिला कारण न सांगताच करत होते. तिला हा हट्ट वाटत असेल, आणि काही अंशी तो हट्ट आहेही. या महिन्यापुरता तो असू दे. कागदांविषयी तिला सांगायचे का, याचा विचार मी तो महिना संपल्यावर करीन.

दरम्यान खाटकाकडे कातडी काढलेली पोर्क बेली, म्हणजे डुकराच्या पोटाकडचे मांस, सांगून ठेवली आहे. घरी मुरवायची तर प्रमाण सोपे आहे: १ किलो मांसाला साधारण २५ ग्रॅम मीठ आणि ६.२५ टक्के नायट्राइट असलेले क्युअरिंग सॉल्ट २.५ ग्रॅम, मग पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजमध्ये, रोज एकदा उलटून. हे दुसरे मीठ चमच्याने घेऊन चालत नाही, कारण नायट्राइट जास्त झाले तर ते विषारी ठरते. त्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा आणि तो मी मागवला आहे. मुरवणीच्या काही तयार मिश्रणांत साखर आधीच मिसळलेली असते, तेव्हा त्या पुडीचीही मागची बाजू वाचावी लागेल.