रविवारची साखळी: ओशन ग्रोव्हचा उन्हाळा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना ॲस्बरी पार्कचा बीच सांगावा लागत नाही. पण त्याच्या दक्षिणेला वेस्ली लेक नावाचं लांबट तळं आहे आणि त्यावर दोन पादचारी पूल आहेत. ते ओलांडले की बार संपतात, बोर्डवॉकवरचा गोंगाट उतरतो आणि मेथडिस्टांचं, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं, ओशन ग्रोव्ह सुरू होतं. अर्ध्या चौरस मैलाचं गाव, उत्तरेला वेस्ली लेक, दक्षिणेला फ्लेचर लेक, पूर्वेला अटलांटिक. सरकारदरबारी ते नेपच्यून टाउनशिपचा एक भाग आहे. जमीन मात्र आजही 1869 साली स्थापन झालेल्या कॅम्प मीटिंग असोसिएशनची आहे. या गावाविषयी जे काही बोलायचं ते ‘जमीन कोणाची’ इथूनच बोलावं लागतं.

आधी कॅम्प मीटिंग म्हणजे काय ते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मेथडिस्ट उन्हाळ्यात आठवडा-पंधरवडा रानात तंबू ठोकून राहत. पहाटे प्रार्थना, दुपारी बायबलचा अभ्यास, रात्री प्रवचन आणि गाणी. आपल्याकडचा हरिनाम सप्ताह ज्याने गावी अनुभवला आहे त्याला हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल. विल्यम ऑस्बोर्न नावाच्या धर्मोपदेशकाने किनाऱ्यावरच्या जागा पाहत पाहत ही निवडली. कारणं अगदी व्यवहारी होती: किनारा उंच, झाडी भरपूर आणि डास नाहीत. 31 जुलै 1869 च्या रात्री एका तंबूत मेणबत्त्यांच्या उजेडात वीसेक माणसांची पहिली प्रार्थनासभा झाली. ऑस्बोर्न पुढे मिशनरी म्हणून हिंदुस्थानातही आला, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

तंबू अजून आहेत. एकशे चौदा. मोठ्या ऑडिटोरियमच्या भोवती, एकमेकांना इतके खेटून की शेजारच्याने चमचा खाली ठेवला तरी ऐकू यावा. लांबून नाटकाच्या सेटसारखे दिसतात म्हणून त्यांची रचना जवळून पाहावी. खाली फळ्यांचा ओटा, त्यावर चौकट, चौकटीवर जाड कॅनव्हास. त्या छतावर हातभर अंतर ठेवून दुसरं कापड ताणलेलं असतं. ऊन आणि पाऊस आधी ते वरचं कापड झेलतं, मधल्या हवेमुळे आतलं कापड तापत नाही. समोर पट्ट्यापट्ट्यांच्या छपरीखाली ओटी, तिथे खुर्च्या आणि कुंड्या. मागच्या अंगाला मात्र पक्की लाकडी खोली असते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तिथे. हिवाळ्यात उतरवलेला कॅनव्हास, पलंग, खुर्च्या सगळं त्याच खोलीत कोंबून कुलूप लागतं, म्हणून नोव्हेंबरात गेलात तर लाकडी पेट्यांच्या रांगा दिसतील, तंबू नाहीत. हंगाम साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तंबू विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो आणि प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते.

सुती कॅनव्हासमध्ये कधीही राहिलं तरी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पावसात आतून कापडाला बोट किंवा खुर्चीची पाठ लावायची नाही. ओलं कापड धागे फुगल्यामुळे पाणी अडवतं, पण आतून काही टेकलं की तिथून झिरप सुरू होते आणि मग पाऊस थांबेपर्यंत ठिबकत राहते. दुसरं, सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो. संध्याकाळी आभाळ भरलं असेल तर ताण थोडा सैल करून झोपावं, नाहीतर रात्रीत खुंटी उपटते किंवा कापडातलं दोर ओवायचं भोक फाटतं. तिसरं, हंगामाच्या शेवटी घडी घालताना कापड पूर्ण वाळलेलं हवं. शिवणीत थोडा ओलावा राहिला तरी बंद खोलीत आठ महिन्यांत काळी बुरशी चढते. ते डाग नंतर घासून जात नाहीत आणि त्या जागी कापड कुजतं. समुद्राकाठची हवा दमट, त्यामुळे ऊन असतानाच, दुपारी, उतरवणं शहाणपणाचं.

गावाची आखणीही पाहण्यासारखी आहे. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर शेवटच्या गल्ल्यांतली घरं क्रमाक्रमाने मागे सरकवली आहेत, त्यामुळे रस्ता समुद्राच्या दिशेने रुंदावत जातो. वारा आत शिरतो आणि मागच्या घरालाही पाणी दिसतं. ओशन पाथवेवर उभं राहिलं की हे लगेच कळतं. एअर कंडिशनर यायच्या कितीतरी आधीची ही अक्कल.

आणि ते ऑडिटोरियम. 1894 साली ब्याण्णव दिवसांत उभं राहिलं. पोलादी कमानींवर पेललेलं लाकडी छत, आत हजारो खुर्च्या, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. लाकडामुळे आवाज इतका छान घुमतो की मायक्रोफोनच्या आधीच्या काळातही शेवटच्या रांगेला ऐकू जात असे. 1908 मध्ये बसवलेला होप-जोन्सचा पाइप ऑर्गन अजून वाजतो आणि उन्हाळ्यात त्याच्या मोफत मैफली असतात. जाणार असाल तर बसायला उशी घेऊन जा, जुन्या लाकडी खुर्च्या तासाभरात आपलं अस्तित्व जाणवून देतात. कडक उन्हाच्या दिवशी दरवाज्यालगतची रांग धरावी, मधल्या भागात हवा कोंडते.

व्यासपीठावर ऑर्गनजवळ विजेच्या दिव्यांचा अमेरिकन झेंडा आहे. देशभक्तीपर गाणं लागलं की दिवे लाटेसारखे उघडझाप करतात आणि झेंडा फडकल्याचा भास होतो. चार जुलैच्या आसपासच्या रविवारी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. त्यात एक गंमत आहे. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली अमेरिकन स्वातंत्र्याच्या विरोधात होता. 1775 मध्ये त्याने वसाहतींना ‘शांत व्हा, राजाचं ऐका’ अशा अर्थाची पुस्तिका लिहिली आणि त्यामुळे अमेरिकेतल्या मेथडिस्टांना लोकांचा बराच रोष सोसावा लागला. त्याने पाठवलेल्या बहुतेक प्रचारकांनी इंग्लंडचा रस्ता धरला. फ्रान्सिस ॲस्बरी राहिला. शेजारच्या ॲस्बरी पार्कला नाव त्याचंच आहे.

पण वेस्लीला स्वातंत्र्याचं वावडं होतं असं नाही. त्याच्याच एक वर्ष आधी, 1774 मध्ये, त्याने गुलामगिरीविरुद्ध लिहिलं आणि श्वास घेणाऱ्या प्रत्येक माणसाला जन्मतःच स्वातंत्र्याचा हक्क आहे असं स्वच्छ म्हटलं. मृत्यूच्या सहा दिवस आधी, 24 फेब्रुवारी 1791 ला, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स याला पाठवलेलं पत्रही याच विषयावर. म्हणजे राजा बदलण्याचं स्वातंत्र्य त्याला महत्त्वाचं वाटत नव्हतं, माणसाने माणसाचं मालक होणं त्याला पाप वाटत होतं. अमेरिकन मेथडिस्टांना ही शिकवण पेलली नाही. 1787 च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या सभासदांना उठवलं गेलं. रिचर्ड ॲलन आणि सोबतचे लोक बाहेर पडले, त्यातून 1816 मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च झालं. 1844 मध्ये गुलाम बाळगणाऱ्या एका बिशपवरून उरलेलं चर्चही उत्तर-दक्षिण असं फुटलं.

हा सगळा इतिहास या किनाऱ्याला चिकटलेला आहे. ॲस्बरी पार्क वसवणारा जेम्स ब्रॅडली हा न्यूयॉर्कचा ब्रश कारखानदार. ओशन ग्रोव्हमधला पहिला प्लॉट त्यानेच घेतला होता. हाच धार्मिक गृहस्थ 1880 च्या दशकात काळ्या लोकांना ॲस्बरी पार्कच्या किनाऱ्यापासून दूर ठेवायच्या खटपटीत होता. त्याचाही युक्तिवाद तोच होता: जागा माझी.

ओशन ग्रोव्हमध्ये ‘जागा आमची’ हे कायद्याने लिहिलेलं होतं. 1870 च्या सनदेने असोसिएशनला गाव चालवण्याचे अधिकार दिले. पोलीस त्यांचे, न्यायालय त्यांचं, नियम त्यांचे. विश्वस्त सव्वीस, निम्मे धर्मोपदेशक आणि निम्मे सामान्य सभासद. घर घेणाऱ्याची मालकी फक्त इमारतीवर, जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. आजही इथे घर पाहणाऱ्याने वकिलाकडून तो भाडेपट्टा आधी वाचून घ्यावा. जमीन आपली नसल्यामुळे काही बँका कर्ज देताना कुरकुरतात, आणि असोसिएशनच्या अटी घरासोबत येतात.

त्या नियमांत सगळ्यात गाजला तो रविवारचा. शनिवारी मध्यरात्री गावाच्या वेशीवर साखळी लागायची, ती रविवारच्या मध्यरात्री निघायची. मधल्या चोवीस तासांत रस्त्यावर मोटार नाही, सायकल नाही, समुद्रात पोहणं नाही, दोरीवर कपडे वाळत घालणं नाही. शनिवारी रात्री लोक गाड्या वेशीबाहेर ठेवून पायी घरी येत. दारू तर गावात कधी विकलीच गेली नाही, आजही विकली जात नाही. घरात बसून प्यायला मात्र कायद्याने बंदी नाही, एवढा खुलासा पाहुण्यांसाठी.

साखळी तुटली ती वर्तमानपत्रापासून. रविवारचे पेपर मध्यरात्रीनंतर गाडीने टाकणाऱ्या वितरकाने दावा लावला आणि 1977 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याच्यापुरता मार्ग मोकळा केला. बाकी बंदी राहिली. दोनच वर्षांनी वाहतुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या एका माणसाने थेट गावच्या न्यायालयालाच आव्हान दिलं आणि 1979 मध्ये निकाल लागला की धार्मिक संस्थेला सरकारी अधिकार देणं घटनेला धरून नाही. पोलीस आणि न्यायालय नेपच्यूनकडे गेलं. साखळी निघाली.

माझं मत सरळ आहे. रविवारी गाडी न चालवणं ही बंदी नाही, ज्याने ती स्वतःहून घेतली त्याच्यासाठी ती मोकळीक आहे. आठवड्यातून एक दिवस इंजिनाचा आवाज नसलेलं गाव मलाही हवं आहे. मेथडिस्ट शब्दांत सांगायचं तर ईश्वराची कृपा सगळ्यांसाठी खुली आहे आणि ती नाकारण्याची मुभाही माणसाला आहे. वेस्लीचा सगळा डोलारा या नाकारण्याच्या मुभेवर उभा आहे. मग जो उपवास शेजाऱ्याकडून पोलीस लावून करून घ्यावा लागतो तो कसला मेथडिस्ट उपवास? 1979 च्या निकालाने असोसिएशनचं नुकसान झालं असं म्हणणाऱ्या जुन्या रहिवाशांशी मी म्हणूनच सहमत नाही. प्रार्थना चालूच राहिल्या, ऑर्गन चालूच राहिला. गेला तो फक्त दंडुका.

तरी ‘जागा आमची’ संपलं नव्हतं. 2007 मध्ये एका समलिंगी जोडप्याने बोर्डवॉकवरचा मंडप सिव्हिल युनियनच्या, म्हणजे लग्नासारख्या कायदेशीर नोंदणीच्या, सोहळ्यासाठी मागितला. असोसिएशनने धर्मस्वातंत्र्याचा हवाला देऊन नकार दिला. पण त्या जागेसाठी त्यांनी आधी ‘सर्वांसाठी खुली’ म्हणून मालमत्ता करात सूट घेतलेली होती, आणि लग्नांसाठी मंडप भाड्याने दिलाही जात होता. मंडपापुरती सूट गेली आणि 2012 मध्ये निकालही विरोधात लागला. इथे धर्मस्वातंत्र्य हरलं असं मला वाटत नाही. ऑडिटोरियममध्ये कोणाचं लग्न लावायचं हे कोणी विचारलंच नव्हतं. सवलत सगळ्यांच्या नावावर घ्यायची आणि दार निवडक लोकांना उघडायचं, हे जमलं नाही, एवढंच. युनायटेड मेथडिस्ट चर्चने याच प्रश्नावर आपले निर्बंध 2024 च्या शार्लटमधल्या अधिवेशनात उठवले, तोवर अमेरिकेतली हजारो चर्चेस बाहेर पडून गेली होती.

समुद्राचा वाद सगळ्यात ताजा. रविवारची पोहण्याची बंदी आक्रसत आक्रसत सकाळच्या प्रार्थनेपुरती राहिली होती: उन्हाळ्यात रविवारी नऊ ते बारा वाळूवर जाणाऱ्या वाटांना साखळी आणि कुलूप. बारा वाजता कुलूप निघालं की मुलं धावत सुटायची. वर्षातले पंधरा-सोळा रविवार, त्यातही तीन तास, इतकंच तर मागतो, असं असोसिएशनचं म्हणणं. राज्याचं म्हणणं, भरतीचं पाणी पोचतं ती जागा जनतेची, ती कोणालाच बंद करता येणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने बीच उघडा ठेवण्याचा आदेश काढला, दिवसाला पंचवीस हजार डॉलरपर्यंत दंडाची तंबी दिली. 2024 च्या उन्हाळ्यात असोसिएशनने हरकत नोंदवून कुलपं काढली. त्याच सुमारास सँडी वादळात गेलेल्या धक्क्याच्या जागी नवा धक्का बांधला गेला. वरून पाहिला तर त्याचा आकार क्रुसाचा दिसतो, आणि त्यावरही गावात दोन तट आहेत. मला स्वतःला धक्क्याच्या आकारापेक्षा वाटेवरचं कुलूप जास्त खटकायचं. आकाराकडे पाठ फिरवून मासे पकडता येतात.

जायचं असेल तर एडिसनहून रेल्वेने राहवेला गाडी बदलून नॉर्थ जर्सी कोस्ट लाइन धरायची. बऱ्याच गाड्या लाँग ब्रांचला पुन्हा बदलाव्या लागतात, कारण विजेची तार तिथे संपते आणि पुढे डिझेल इंजिन लागतं. ॲस्बरी पार्क स्थानकापासून तळ्याच्या कडेने चालत पाव-अर्धा तास. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाडीने जाऊ नका. गल्ल्या अरुंद, घरांना गॅरेज नाहीत, आणि पार्किंगसाठी फिरण्यात सकाळ जाते. बीचवर उतरायला बॅज, म्हणजे प्रवेशपास, लागतो, तो आधी फोनवर घेतला तर रांग टळते. तंबूंमधल्या वाटा सार्वजनिक वाटत असल्या तरी ओट्या लोकांच्या बैठकीच्या खोल्या आहेत. तिथे उभं राहून आत कॅमेरा रोखू नये. हात हलवला तर बहुतेक लोक स्वतःच आत बोलावून मागची खोली दाखवतात.