‘स्ट्रक्चर्ड’ पाण्याच्या दोन बाटल्या

आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बहुतेक लोक पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि काठिण्य (पाण्याचा जडपणा) एवढेच तपासून मागतात, कारण आरओ विकणाऱ्यांनी तेवढेच त्यांच्या कानावर घातलेले असते. ऊसपट्ट्यातून आलेल्या एका काकांनीही तेच मागितले. एका बाटलीत बोअरचे पाणी होते आणि दुसरीत तेच पाणी ‘स्ट्रक्चर्ड वॉटर’च्या महागड्या यंत्रातून काढलेले. चुंबक आणि भोवऱ्यामुळे रेणूंची षटकोनी रचना होते, असे पाणी पेशींत लवकर शिरते आणि शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर काढते, असे विक्रेत्याने सांगितले होते. हा फरक त्यांना रिपोर्टवर हवा होता.

काठिण्याच्या चाचणीत लालीची शेवटची छटा जाऊन निर्भेळ निळा रंग येतो, नेमक्या त्या थेंबाला हात थांबावा लागतो. दोन्ही नमुने ब्युरेटच्या, म्हणजे थेंब मोजून सोडणाऱ्या काचनळीच्या, एकाच रेघेवर थांबले; काठिण्यात फरक नव्हता. द्रव पाण्यातले हायड्रोजन बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात आणि नवे जुळतात. यंत्रात घडलेली रचना पेल्यापर्यंत टिकणारच नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले.

उसाला पडणाऱ्या युरियातले नत्र नायट्रेट होऊन बोअरच्या पाण्यात उतरू शकते, हे डोक्यात असल्याने, मागितले नसतानाही मी नायट्रेट तपासले. दोन्ही बाटल्यांत ते लिटरला ७८ मिलिग्रॅम निघाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मर्यादा ४५ची आहे आणि तिच्यात सवलत नाही.

घरात लहान बाळ आहे का, असे विचारल्यावर काका म्हणाले, “तीन महिन्यांची नात आहे, वरच्या दुधावर. तिच्यासाठी यंत्राचंच पाणी घेतो, शिवाय चांगलं वीस मिनिटं उकळतो.” उकळल्याने पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण वाढते, आणि एवढ्या लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने घटू शकते. बाळासाठी आजपासून तपासलेले दुसरे पाणी वापरा आणि तिला डॉक्टरांना दाखवा, असे मी रिपोर्टच्या मागे ठळक लिहून दिले. काकांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “मॅडम, यंत्रातून दोनदा काढलं तर उतरेल का?”

त्या प्रश्नाचा राग मला काकांवर आला नाही. विक्रेता त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो, आम्ही मात्र काउंटरमागे नमुन्याची वाट पाहतो, आणि आमच्या स्वस्तातल्या पॅकेजमध्ये नायट्रेट नाहीच. बोअरच्या प्रत्येक नमुन्याला ते सक्तीचे करा, असे मी वरिष्ठांना लेखी दिले आहे. दर वाढेल आणि ग्राहक तुटेल, या कारणावर ते अडले आहे.