कूत पडलं ते बसऱ्याच्या धक्क्यावर

बेळगावचं मराठा सेंटर आमच्या उचगावपासून जवळच. इथं घराघरात पलटणीतला माणूस सापडतो आणि पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की गाडी कूत-अल-अमाराच्या, म्हणजे इराकमधल्या तैग्रीस नदीकाठच्या कूत गावाच्या, वेढ्यावर येते. माझी सगळी नोकरी सप्लायमध्ये, रेशनच्या थप्प्या मोजण्यात गेली. म्हणून मला वाटतं, कूतची गोष्ट सांगायची तर सुरुवात बसऱ्याच्या डेपोपासून करायला हवी.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांच्या हिंदी फौजेनं तुर्कांकडून बसरा घेतलं. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, अख्ख्या मोहिमेचा शिधा, दारूगोळा, चारा, औषधं तिथंच उतरणार होती. पण मोठ्या जहाजाला टेकायला धक्काच नव्हता! जहाजं शत्त-अल-अरब नदीच्या मध्यावर नांगर टाकून उभी राहायची आणि माल महैला नावाच्या गावठी होड्यांत उतरवून काठावर आणायचा. काठावर खजुराच्या बागा, ओढे आणि पूर आला की नुसता चिखल. पोती ठेवायला पुरेशा शेड नाहीत. तिथून पुढं रस्ता नाही, रेल्वे नाही. सगळा भरवसा उथळ, वळणावळणाच्या तैग्रीसवर आणि मोजक्या सपाट बुडाच्या बोटींवर. फौज वाढत गेली, पुढं पुढं सरकत गेली, बोटी त्या मानानं वाढल्याच नाहीत.

डेपोत माल किती पडलाय हे विचारून उपयोग नसतो, आज बाहेर किती गेला ते विचारायचं. बसऱ्यात नेमकं हेच कुणी वेळेत विचारलं नाही.

७ डिसेंबर १९१५ ला कूतमधल्या आपल्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला. आत आपल्या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, म्हणजे आपली जंगी पलटण, ११० आणि ११७. त्यांना सोडवायला निघालेली कुमक तुकड्यातुकड्यांनी वर पोचत होती, कारण हजारो जवान आणि तोफा बोटींअभावी बसऱ्यात तुंबल्या होत्या. इकडं कूतमध्ये घोडे कापायची वेळ आली. धर्मापायी आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही. शेवटी दिवसाला चार-पाच औंस पीठ मिळायचं. तेवढ्या पिठावर खंदकात उभं राहायचं म्हणजे काय, हे रेशन वाटणाऱ्याला चांगलं कळतं. विमानांतून पोती टाकून बघितली, त्यातली काही नदीत गेली, काही तुर्कांच्या हाती पडली. २४ एप्रिलच्या रात्री ज्युल्नार ही बोट २७० टन शिधा घेऊन निघाली आणि वाटेतच तुर्कांनी पकडली. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं, सुमारे १३ हजार माणसं कैद झाली.

त्यानंतर मात्र बसरा खऱ्या अर्थानं तळ झाला. बसऱ्याजवळ नदीकाठच्या माकिलला धक्के बांधले, भराव घालून रस्ते केले, बोटी आल्या, हिंदुस्थानातून रूळ आणि डबे आले. तिथल्या फौजेचा नवा सेनापती जनरल मॉड, त्यानं ही तयारी होईपर्यंत, डिसेंबर १९१६ पर्यंत, मोठी चढाई केली नाही. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं. आधीच्या वर्षीचे जवान शौर्यात कमी नव्हते, त्यांच्या पाठीशी असा तळ नव्हता एवढंच.

युद्धानंतर तेच माकिल इराकचं व्यापारी बंदर झालं. १९४१ मध्ये हिंदी फौज पुन्हा बसऱ्यालाच उतरली.

माकिलच्याच धक्क्यावर बसऱ्याचं युद्धस्मारक उभं होतं. १९९७ मध्ये ते नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात हलवलं. त्यावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय. आपल्या शिपायांची मात्र पलटणीपुढं फक्त संख्या. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ त्या एका आकड्यात आहेत. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

खानापूर, निपाणी, चंदगड, बेळगाव तालुक्यात कुणाच्या घरी त्या काळचं डिस्चार्ज बुक, मेडल किंवा पेन्शनचा कागद असेल तर त्यावरचं नाव, गाव, नंबर आणि पलटण उतरवून ठेवा. बहुतेक मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंग लावून वाचता येतं. हमाल, खलाशी, खेचरवाले म्हणून गेलेल्यांचे कागद तर आधी शोधा. त्यांची आठवण ठेवणारी पलटणसुद्धा नाही.