फुल मून पार्टी निभावली, परतीच्या बोटीने घाम फोडला

थायलंडला कोह फांगान बेटावर दर पौर्णिमेला किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या फुल मून पार्टीला जायचंय, सेफ आहे का, काय काळजी घ्यायची, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते. नाचगाण्याचं वर्णन हवं असेल तर इथे फारसं मिळणार नाही. इथे वैताग जास्त आहे, आणि तो बहुतेक सगळा एका बोटवाल्याच्या टेबलावरचा आहे.

आम्ही चौघं होतो. मी, धाकटा भाऊ, भावजय आणि माझी ऑफिसातली मैत्रीण. विमान, इमिग्रेशन, हॉटेल सगळं बिनबोभाट झालं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. फक्त थायलंडला पोचण्याआधी भरायचं ते ऑनलाइन अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर फुकट भरता येतं, पैसे मागणारी साइट उघडली असेल तर बंद करा.

पार्टी होते ती हाड रिनला, बेटाच्या दक्षिण टोकाला. तिथे दोन किनारे आहेत. पूर्वेच्या किनाऱ्यावर रात्रभर धिंगाणा, आणि गल्लीतून पाच-दहा मिनिटं चालत गेलं की पश्चिमेचा शांत किनारा, तिथे बोटींची जेट्टी. 1980 च्या दशकात काही बंगल्यांपुढे थोडे लोक जमायचे, आता एका रात्रीत दहा हजार, कधी वीस-तीस हजार माणसं येतात. पौर्णिमेच्या आसपास हाड रिनमधली हॉटेलं एका रात्रीसाठी खोली देत नाहीत, चार-पाच रात्रींचे पैसे भरा म्हणतात. म्हणून बरेच जण शेजारच्या कोह सामुईला राहतात आणि रात्रीपुरते बोटीने येतात. आम्हीही तेच केलं.

तिकिटं काढताना नुसतं कालनिर्णय बघू नका. माघी पौर्णिमा, बुद्ध पौर्णिमा, आषाढी पौर्णिमा हे तिकडे मोठे धार्मिक दिवस, दारूविक्रीवर बंधनं असतात, त्यामुळे पार्टी एखाद्या दिवसाने पुढेमागे सरकते. तारीख आधी पक्की करा, मग विमान.

आता किनाऱ्यावरचं. खरं सांगू का, किनाऱ्यावर मला फारशी भीती वाटली नाही. भावजय जरा बिचकत होती, तीसुद्धा तासाभरात चेहऱ्यावर निऑन रंग लावून मोकळी झाली. पण पायात बूट हवेतच. चप्पल नको, सँडल नको. वाळूत फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात आणि अंधारात दिसत नाहीत. आमच्यासमोर एका मुलीच्या टाचेत काच घुसली, तिला दोघांनी उचलून दवाखान्यात नेलं. जळत्या दोरीवरून उड्या मारण्याचा खेळही असतो. रॉकेलमध्ये भिजवलेली दोरी दोन माणसं फिरवतात आणि प्यायलेली पोरं त्यात उड्या मारतात. भाऊ म्हणाला, "एकच उडी, ताई." मी म्हटलं, "आईला व्हिडिओ कॉल लावू का?" विषय संपला.

बकेट म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर, वाळूत खेळायची प्लॅस्टिकची छोटी बादली असते ना, तसल्या बादलीत बर्फ, सांगसोम नावाची थाई रम किंवा व्होडका, कोक आणि एनर्जी ड्रिंक ओततात, वर चार स्ट्रॉ. एनर्जी ड्रिंकमुळे चढलेली कळत नाही, हाच तिचा धोका. प्यायचीच असेल तर बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. भेसळीची भीती खोटी नाही. शेजारच्या लाओसमध्ये वांग व्हिएंगला नोव्हेंबर 2024 मध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले. आम्ही डब्यातली बिअर घेतली आणि डबा हातातून खाली ठेवला नाही. कुणी प्रेमाने पुढे केलेली स्ट्रॉ तर अजिबातच नको.

मोबाइलचं नेटवर्क रात्री अकरानंतर मेल्यात जमा. व्हॉट्सअॅपवर भेटू म्हणाल तर सकाळपर्यंत भेटणार नाही. आम्ही गल्लीतल्या एका औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉस ठरवून ठेवला होता, दर दोन तासांनी तिथे हजेरी. 'सेव्हन-इलेव्हनपाशी भेटू' असं कृपा करून ठरवू नका, एकापेक्षा जास्त आहेत. पासपोर्ट हॉटेलात, खिशात त्याची झेरॉक्स आणि लागतील तेवढेच बाथ, म्हणजे तिकडचे पैसे.

हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते आता.

सामुईहून जाऊन-येऊन स्पीडबोटीचं तिकीट एका एजंटकडून काढलं होतं, माणशी हजार बाथच्या आसपास. टी-शर्टवर चिकटवायला गोल स्टिकर मिळाले, केशरी रंगाचे, नंबर लिहिलेले. "परतीची बोट कितीला?" विचारलं तर म्हणाला, रात्री एकपासून सकाळी आठपर्यंत दर तासाला, हवी ती पकडा. जाताना बोट उजेडात, माणसं बेताची, सगळं छान. मी सवयीने स्टिकरांचे आणि पावतीचे फोटो काढून ठेवले. ही सवय बँकेतल्या नोकरीची, तिची घरात कायम चेष्टा होते.

पहाटे चारच्या सुमारास आम्ही जेट्टीवर आलो. टेबल, टेबलामागे एक माणूस, समोर रांग असं काहीतरी. 'असं काहीतरी' अशासाठी की रांग दहा माणसांपुरतीच होती, त्यामागे नुसता लोंढा. मी डोंबिवलीची आहे, आठ-सत्तावन्नची फास्ट लोकल रोज पकडते, गर्दीचं मला कौतुक नाही. पण लोकलला खाली रूळ असतात. इथे निमुळता अरुंद धक्का, दोन्ही बाजूंना काळं पाणी, आणि निम्मी माणसं सरळ उभी राहण्याच्या स्थितीत नाहीत. एक जण आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात पडला. सुदैवाने खोल नव्हतं, त्याला वर ओढला, तो हसत होता.

टेबलवाला काय करत होता, तर रांगेत आत सोडताना टी-शर्टवरचा स्टिकर टरकन काढून आपल्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवत होता. आमचेही चार काढले. आम्ही धक्क्याच्या टोकाला पोचलो, बोट लागली, आणि मी आत बघितलं.

बाकांवर माणसं, बाकांच्या मध्ये माणसं, पुढच्या नाकाडावर पाय खाली सोडून बसलेली माणसं. लाइफ जॅकेट होती, नाही असं नाही. पुढच्या कोपऱ्यात नायलॉनच्या दोरीने गच्च बांधलेला नारिंगी गठ्ठा होता आणि त्यावर लोकांच्या सॅका रचलेल्या होत्या. ती गाठ कित्येक महिन्यांत सुटली नसावी, दोरीवर हिरवट बुरशी धरली होती. मी खलाशाला जॅकेट मागितलं. तो म्हणाला, "ट्वेंटी मिनिट, नो प्रॉब्लेम. गो, गो."

भाऊ म्हणाला, "ताई, बस ना गं. वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मी नाही म्हटलं. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेली नीलकमल बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोरून हलल्या नव्हत्या, कारण त्यांची सून त्याच आठवड्यात मांडव्याला जाऊन आली होती. त्यानंतर गेटवेवर प्रत्येकाला जॅकेट घालायला लावू लागले. इथल्या पाण्यालाही असा इतिहास आहे. 2005 च्या जानेवारीत फुल मून पार्टीहून सामुईला परतणारी स्पीडबोट बुडून डझनाहून जास्त माणसं गेली. हे मी जायच्या आधी वाचलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात बसलं होतं.

आम्ही मागे फिरलो. पुढची बोट पाचची. ती आली, तीही तशीच भरलेली. दरम्यान मी टेबलापाशी जाऊन म्हटलं, आम्ही थांबतो, कमी गर्दीची बोट आली की बसवा. त्याने आमच्या टी-शर्टकडे बघितलं.

"नो स्टिकर."

"स्टिकर तुम्हीच काढलात."

"स्टिकर फिनिश. बोट फिनिश."

म्हणजे त्याच्या हिशेबात आम्ही सामुईला पोचलो होतो! आमचे चारही नंबर त्याच्या पुठ्ठ्यावर होते, मी बोट ठेवून दाखवले, फोनमधला फोटो दाखवला, पावती दाखवली. तो म्हणाला, बॉस झोपलाय. बॉसचा नंबर द्या म्हटलं तर, नंबर नाही. त्याच्याशी मी किती वेळ हुज्जत घातली देव जाणे. मराठीत काय काय बोलले तेही इथे लिहीत नाही.

शेवटी मैत्रिणीने 1155 लावला. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, इंग्रजीत बोलतात, फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा. (अॅम्ब्युलन्ससाठी 1669.) नेटवर्क दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा लागला. बाई शांतपणे ऐकत होत्या. थोड्या वेळाने जेट्टीच्या तोंडाशी असलेला पोलीस चालत आला, टेबलवाल्याशी थाईमध्ये बोलला, आवाज अजिबात न चढवता. पुढची बोट लागली तेव्हा त्याच खलाशाने सुरीने ती नायलॉनची दोरी कापली आणि जॅकेटं वाटली. माणसंही कमी घेतली. ते पाहून मला जे काही वाटलं ते पार्टीत एकदाही वाटलं नव्हतं.

आम्हाला मात्र घेतलं नाही. स्टिकर नव्हता ना! आणि तोवर पोलीस निघून गेला होता.

मग काय, उजाडलं. जेट्टीजवळ एक मावशी भाताची गरम पेज विकत होत्या, वर आलं आणि कांद्याची पात. त्यांना आमची अवस्था कळली असावी. त्यांनी हाताने दाखवलं, मोठी बोट, लाकडी, हळू, मागून येते. ती साधी फेरी रोजच धावते, पार्टी असो नसो. तिकीट दोनशे बाथ, बसायला बाकं, जॅकेटं बाकाखाली मोकळी. सकाळी उशिरा निघाली. आम्ही चौघंही डेकवर आडवे झालो आणि सामुई येईपर्यंत उठलो नाही. त्या फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशीच धक्क्यावर विचारून ठेवा. रात्रीच्या स्पीडबोटीचे पैसे वाया गेले तरी चालतील असं मनाशी धरूनच तिकीट काढा, आणि स्टिकर हातात देताना आधी बोटीत बघा. बोट पटली तरच स्टिकर द्या.

आता आठवतंय तसं: ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदेशीर आहे, बॅगेत असेल तर घरी ठेवून जा. गांजाच्या दुकानांवर हिरवी पानं दिसतात, पण 2025 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचा नाही असा नियम आहे. इतर नशेच्या गोष्टी विकायला येणारा माणूस कुणासाठी काम करतो हे तुम्हाला कळणार नाही, साध्या वेशातले पोलीस फिरत असतात. फांगानवरच राहणार असाल तर स्कूटर घेऊ नका. हाड रिनचा रस्ता खड्या चढउतारांचा आहे. गुडघ्या-कोपरांना बँडेज बांधलेले इतके गोरे मी एका जागी कधी पाहिले नव्हते. शिवाय योग्य लायसन्स नसेल किंवा प्यायलेले असाल तर बहुतेक इन्शुरन्सवाले हात वर करतात. सोंगथाव म्हणजे मागे बाकं लावलेली पिकअप, ती रात्रभर धावते. पासपोर्ट गहाण ठेवून तर काहीच भाड्याने घेऊ नका.

आणि हो, रात्री समुद्रात उतरू नका. एक तर प्यायलेल्याला ओढ कळत नाही, या भागात जीवघेण्या डंखाची बॉक्स जेलीफिशही सापडते, आणि टॉयलेटला पैसे पडतात म्हणून अर्धी पार्टी त्याच पाण्यात काय करत असते ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

परत आल्यावर एजंटला सगळे फोटो जोडून मेल केली, चौघांचे परतीचे पैसे मागितले. बऱ्याच दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, की प्रवासी बोटीच्या वेळेला हजर नव्हते, नो शो. नो शो! पहाटे चारपासून त्याच्या टेबलासमोर उभे होतो आम्ही.