सल्ला देणारा आणि माल खपवणारा एकाच खात्यात

मी न्यू जर्सीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे आपली मराठी मंडळी बरीच येतात, त्यात मुलांकडे राहायला आलेले आईवडील जास्त. कुणाची बायपास झालेली, कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं. त्यांना जे माहितीपत्रक द्यायचं असतं, ते सरकारी आहारसल्ल्यावर बेतलेलं. त्यातलं एक वाक्य ठरलेलं: सॅच्युरेटेड फॅट (मुख्यतः मांस, चीज, लोणी यांतली चरबी) रोजच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा.

कोल्हापूरकडच्या एका काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, हे सगळं बरोबर असंल, पण मटण खायचं का नाही, तेवढं सांगा की." अगदी रास्त प्रश्न. भाज्या, फळं, कडधान्यं जास्त खा, हे पत्रकात नावं घेऊन लिहिलं होतं. कमी खायचं म्हटलं की मात्र पदार्थाचं नाव गायब, आणि तिथे फॅटची टक्केवारी. मी त्यांना सांगितलं, मटण महिन्यातून एकदा, तेही दोनच फोडी, रस्सा वरचा तवंग काढून. पिझ्झ्यावरचं चीज बंद. त्यांना ते लगेच कळलं.

पदार्थांची नावं अशी आपोआप गळालेली नाहीत. जानेवारी १९७७मध्ये सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने अमेरिकनांसाठी आहाराची उद्दिष्टं जाहीर केली, त्यात मांस कमी खा असं सरळ लिहिलं होतं. गुरं पाळणाऱ्यांच्या संघटना खवळल्या. मार्चमधल्या सुनावणीत सिनेटर बॉब डोल यांनी विचारलं, त्याऐवजी 'कमी चरबीचं मांस वाढवा' असं लिहिलं तर चालेल का? पशुपालकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष रे फिनी यांचं उत्तर नोंदलेलं आहे: 'कमी करा' हा वाईट शब्द आहे, सिनेटर. डिसेंबरात सुधारित आवृत्ती आली, तेव्हा त्या जागी सॅच्युरेटेड फॅट कमी होईल असं मांस, कोंबडी, मासे निवडा, असं लिहिलेलं होतं. मॅकगव्हर्न स्वतः साउथ डकोटाचे, म्हणजे गुरांच्याच राज्यातले. आणि ती समितीही पुढे कृषी समितीत विलीन झाली.

१९९१मध्ये पुन्हा तेच. अमेरिकेच्या कृषी खात्याचा फूड पिरॅमिड, म्हणजे कुठला पदार्थ किती खावा हे दाखवणारा त्रिकोणी तक्ता, छपाईला निघाला होता. मांस आणि दूधवाल्यांनी तक्रार केल्यावर कृषिमंत्री एडवर्ड मॅडिगन यांनी तो मागे घेतला. आणखी अभ्यासावर लाखो डॉलर खर्च होऊन १९९२मध्ये तो बाहेर आला, तो जवळपास तसाच.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. अमेरिकेत गुरं विकली की दर जनावरामागे १ डॉलर, आणि दर १०० पौंड दुधामागे १५ सेंट, असा कायद्याने सक्तीचा निधी गोळा होतो. तो जाहिरातींवर खर्च होतो आणि त्यावर देखरेख कृषी खात्याची. काही पशुपालकांना हे पैसे द्यायचे नव्हते, ते कोर्टात गेले. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बीफच्या या जाहिराती म्हणजे सरकारचंच बोलणं आहे, त्यामुळे सक्ती वैध. म्हणजे रात्रीच्या जेवणाला बीफ खा असं सांगणारंही सरकार, आणि सॅच्युरेटेड फॅट आवरा असं सांगणारंही तेच. २०१०मध्ये उघड झालं की याच पद्धतीच्या दूधनिधीतून चालणाऱ्या डेअरी मॅनेजमेंट या संस्थेने डॉमिनोजच्या जास्त चीजवाल्या पिझ्झ्यांच्या प्रचारासाठी १.२ कोटी डॉलरची मोहीम उभी केली होती. चीज हा तेव्हा अमेरिकनांच्या आहारातल्या सॅच्युरेटेड फॅटचा सर्वांत मोठा स्रोत होता.

माझं शेतकऱ्याशी भांडण नाही. माझे मामा पहाटे उठून धारा काढायचे आणि डेअरीला दूध घालायचे, त्यावर घर चाललं. आपल्याकडे अंडी समन्वय समितीची 'संडे हो या मंडे' जाहिरात सगळ्यांनी पाहिली आहे, पण ती अंडी विकणाऱ्यांची आहे हे कुणापासून लपलेलं नव्हतं. विकणाऱ्याने विकावं. पण हृदयविकाराच्या पेशंटला काय सांगायचं, हे ठरवण्याच्या बैठकीत त्याला खुर्ची कशाला?

हे टाळता येतं. कॅनडाने २०१९चा आहारसल्ला आरोग्य खात्याकडून करून घेतला. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी उद्योगांच्या प्रतिनिधींना भेटायचं नाही आणि उद्योगांनी करवून घेतलेले अहवाल वापरायचे नाहीत, असं ठरलं. त्यांच्याच कृषी खात्याने काळजी व्यक्त केली, दूध उत्पादकांनी विरोध केला. तरीही दुधाचा स्वतंत्र गट गेला. अर्धं ताट भाज्या-फळांचं, पाव ताट धान्यांचं, पाव प्रथिनांचं, त्यातही शक्यतो वनस्पतींमधून मिळणारी आधी निवडा, आणि पिण्यासाठी पाणी. ताक आणि दह्यावर वाढलेल्या माझ्यासारखीलाही ते पटतं, कारण दूध पचत नाही असे कितीतरी पेशंट मी रोज बघते.

अमेरिकेत हा सल्ला दर ५ वर्षांनी कृषी आणि आरोग्य ही दोन खाती मिळून काढतात. माझं स्पष्ट मत आहे की कृषी खात्याने यातून बाहेर पडावं. आणि सल्लागार समितीतल्या प्रत्येकाला कुठल्या उद्योगाकडून पैसे मिळतात, ते पहिल्या बैठकीआधीच नावानिशी छापावं. २०००च्या सल्ल्याच्या वेळी हीच माहिती दडवल्याबद्दल डॉक्टरांच्या एका संघटनेला कृषी खात्याविरुद्ध कोर्टात जावं लागलं होतं. निकाल संघटनेच्या बाजूने लागला, आणि ११ पैकी ६ सदस्यांचे मांस, दूध किंवा अंडी उद्योगाशी आर्थिक संबंध होते, हे चव्हाट्यावर आलं.